बासष्ट टक्क्यांवर

बासष्ट टक्के झाले की आमचा कॉम्प्युटर थांबतो. थांबतो म्हणजे आधी त्याचा पंखा ओरडायला लागतो, मग बाण गोठतो, मग पडदा काळा होतो आणि त्या काळ्या पडद्यात मला माझाच चेहरा दिसतो, आ वासलेला. परत सुरू केला की एक पाटी येते: ग्राफिक्सची मेमरी अपुरी आहे. असं अकरा वेळा झालं. अकराही वेळा मी पहिल्यांदा एकच केलं. फोल्डर उघडून आकडा बघितला. चारशे बारा. सगळे जागेवर होते.

चारशे बारा म्हणजे बायकोने मोबाइलवर काढलेले व्हिडिओ. ती जाऊन चौदा महिने झाले. तिला व्हिडिओ काढायची भारी हौस आणि स्वतःचा काढू द्यायचा नाही, त्यामुळे चारशे बारांत तिचा चेहरा कुठेच नाही. मी आहे, मुलगी आहे, गॅलरीतल्या कुंड्या आहेत, उतू जाणारं दूध आहे. दूध उतू जात असताना गॅस बंद करायचा सोडून ती त्याचा व्हिडिओ का काढत होती, हे मी तेव्हा विचारलं होतं. उत्तरही त्यातच आहे. "तुम्ही बंद करता का ते बघतेय." ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. आणि तो आवाज आता जगात दुसरीकडे कुठेही नाही.

तिच्या मोबाइलची बॅटरी फुगली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंनी सगळे व्हिडिओ बाहेर काढून माझ्या कॉम्प्युटरमध्ये घालून दिले. मोबाइल मात्र गेला तो गेलाच. बाई म्हणाल्या, "काका, आता ही एकच कॉपी आहे. घरी गेल्यागेल्या दुसरी करा."

"हो तर," मी म्हटलं.

केली नाही. त्याचं कारण लाजिरवाणं आहे. मुलीचे शाळेतले सगळे फोटो मी एकदा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवले होते. ती दुसरी जागा नंतर कोणालाच सापडली नाही. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तेव्हापासून फाइलींवर माउसचं उजवं बटण दाबायचं म्हटलं की मी उठून चहा टाकतो. ज्या दिवशी कॉपी करीन त्या दिवशी घालवीन, अशी माझी खात्री होती. म्हणून मी ती करत नव्हतो, आणि कोणी विचारलं की "आहे" म्हणून सांगत होतो. मुलीला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं. खोटं एकदा सांगितलं की पुढच्या वेळी ते जास्त सराईतपणे येतं, हा मला या वयात लागलेला शोध.

त्या व्हिडिओंची मला एक फिल्म करायची होती. एकवीस मिनिटांची. इंटरनेटवर धडे बघून मी कापाकापी शिकलो, जोडाजोडी शिकलो, एका चित्रातून दुसरं चित्र हळूच कसं उगवतं तेही शिकलो. सगळं जोडून झालं की कॉम्प्युटर त्याची एक सलग फाइल शिजवतो, त्याला रेंडर म्हणतात. तिथेच बासष्टला आमचं घोडं अडत होतं.

शिवाय एक व्हिडिओ होता. त्याला मी 'खिडकी' असं नाव दिलं होतं. चारशे बारांमधला हा एकच असा, की त्याच्या पहिल्या चित्रात तिचा हात दिसतो. खिडकीची चौकट, तिच्यावर धरलेली पिवळी टेप आणि टेप धरणारा हात, मनगटापर्यंत. पण तो चालत नसे. पहिलं चित्र दिसायचं आणि तिथेच ठप्प. मी त्याला फिल्मच्या मध्याच्या जरा पुढे बसवला होता. आपला कॉम्प्युटर म्हातारा झालाय, त्याला ओझं पेलत नाही, ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आलं की हा हात हलेल, असं मी धरून चाललो होतो.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिला फोन केला.

"बाबा, त्यातलं कार्ड मी कॉलेजात असतानाचं आहे. ते बदला. किमान बारा जीबीचं घ्या. आणि कॉपी आहे ना?"

"आहे गं."

"कुठे ठेवलीय?"

"कपाटात."

कपाटात काय ठेवलंय हे तिने विचारलं नाही, नाहीतर स्वेटर सांगावे लागले असते.

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासणं, कापडवाल्यांचे मीटर तपासणं, हे माझं काम. दोन मिलिमीटर झिजलेला मीटर मी लांबून ओळखायचो. त्यामुळे खरेदीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असा माझा समज होता. पण कार्डाच्या दुकानात तोलायला काही नव्हतंच. दुकानदाराने विचारलं, "कुठला गेम खेळता, काका?"

"मी गेम खेळत नाही."

"मग एवढं मोठं कार्ड कशाला?"

"घरगुती फिल्म करतोय."

"लग्नाची का?"

मी "नाही" म्हटलं. त्यावर त्याने सहा खोकी मांडली. एकावर तीन पंखे, एकावर दोन, एकाला रंगीत दिवे. दिवे कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, "छान दिसतात." टेबलाखाली ठेवायच्या पेटीच्या आत छान दिसणाऱ्या वस्तूची मला पहिल्यापासून धास्ती वाटते. मी हात जोडून बाहेर आलो.

घरी येऊन इंटरनेटवर मतं वाचली. हे मी करायला नको होतं. आठ जीबी पुरे म्हणणाऱ्याला बारावाल्याने मूर्ख म्हटलेलं, बारावाल्याला सोळावाल्याने. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की त्यांच्या कार्डाची तार वितळली आणि खोलीत जळका वास सुटला. तो वास मला वाचतानाच आला. मी उठून मेन स्विच बंद केला.

मेन स्विच बंद झाला की आमच्या इमारतीत जो माणूस हमखास येतो, तो आला. वरच्या मजल्यावर राहतो, वीज खात्यातून निवृत्त झालाय, सगळे त्याला व्होल्टेज म्हणतात. त्यालाही ते आवडतं.

"काय झालं, इन्स्पेक्टर? फ्यूज?"

"भीती," मी म्हटलं आणि त्याला सगळं सांगितलं.

व्होल्टेजने पेटीच्या मागे टॉर्च मारला. खूप वेळ "हं, हं" केलं. डॉक्टर एक्स-रे बघताना करतात तसं.

"तुझा पॉवर सप्लाय साडेचारशे वॉटचा आहे. नवं कार्ड साडेपाचशेचं मागेल."

"आणि नाही दिलं तर?"

"तर काय? उडेल."

"काय उडेल?"

"ते आधी सांगता येत नाही. कधी सप्लाय उडतो, कधी कार्ड, कधी डिस्क. विजेचं तसं ठरलेलं नसतं." त्याने माझ्याकडे बघितलं. "कॉपी आहे ना?"

"आहे."

"मग कशाला घाबरतोस?"

सप्लायही नवा मागवायचा ठरला. आता प्रश्न उरला मापाचा. व्होल्टेज म्हणाला, "ही कार्डं हल्ली हातभर लांब असतात. पेटीत मावेल का ते बघून घे."

हे ऐकून मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या खात्याचा विषय निघाला होता. मी बायकोचा शिवणाचा डबा काढला, त्यातली पिवळी टेप घेतली. पेटीचं झाकण उघडून डोकं आत घातलं, टॉर्च दातांत धरला, टेपचं टोक मागच्या पत्र्याला अंगठ्याने दाबलं आणि पुढचा आकडा वाचला. साडेतेहतीस सेंटीमीटर.

"साडेतेहतीस," टॉर्च तोंडातून काढून मी जाहीर केलं.

"परत मोज," व्होल्टेज म्हणाला.

मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्याने विषय बदलला. वजनमापांच्या माणसाला परत मोज म्हणायचं म्हणजे आचाऱ्याला मीठ घातलं का, असं विचारण्यासारखं आहे.

साडेतीस सेंटीमीटरचं बारा जीबीचं कार्ड निवडलं. तीन सेंटीमीटर मोकळे राहतील, हवा खेळेल. मागवलं ते बायकोच्या ऑनलाइन खात्यावरून, कारण घरात तेच एक खातं होतं. तिथे अजून तिच्या नावाने नमस्कार येतो. कार्ड टोपलीत टाकल्यावर खाली लिहून आलं, की यासोबत तुम्हाला शिवणयंत्राच्या सुयाही आवडतील. मी बराच वेळ त्या सुयांकडे बघत बसलो. मग त्याही घेतल्या.

आठवड्याने पार्सल कुरिअरच्या ऑफिसात येऊन अडकलं. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "ज्यांचं पार्सल आहे त्यांच्या मोबाइलवर चार आकडी नंबर आला असेल. तो सांगा."

"तो मोबाइल बंद पडलाय."

"मग त्यांना पाठवा."

"त्या वारल्या."

कारकुनाचा चेहरा उतरला. "अरेरे. कधी?"

"चौदा महिने झाले."

त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. "ऑर्डर तर गेल्या मंगळवारची आहे."

माझ्या मागे रांग होती. ती अर्धं पाऊल पुढे सरकली. मी सरकारी नोकरीत होतो, त्यामुळे मृत्यूच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती माझ्या पिशवीत कायम असतात. एक काढून दिली. कारकुनाने साहेबांना बोलावलं. साहेबांनी दाखला उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे हो. पण दुसऱ्याला पार्सल द्यायचं तर मालक का आले नाहीत, त्याचं कारण टाकावं लागतं. सिस्टीममध्ये तीनच आहेत. आजारी, कामावर, बाहेरगावी."

"वारल्या असं टाका ना."

"घेत नाही ती."

मी विचार केला. आजारी टाकवेना. ते दिवस मी बघितले होते. "बाहेरगावी टाका," मी म्हटलं.

कारकुनाने टाकलं. मग हळूच म्हणाला, "परत कधी येणार, तेही विचारतेय."

"रिकामं सोडता येणार नाही?"

"नाही, काका."

रांगेतलं कोणीही घाई करत नव्हतं. कारकुनाने माझ्याकडे न बघता स्वतःच काहीतरी टाइप केलं आणि सही करायला कागद पुढे सरकवला. परतीच्या तारखेच्या जागी लिहिलं होतं: अनिश्चित. मी सही केली. खोकं छातीशी धरून घरी आलो. सुयांची पुडी खिशात होती.

रविवारी दुपारी बसवायचं ठरलं. व्होल्टेज हत्यारं घेऊन आला. अंगातल्या विजेने कार्ड मरतं, असं तो म्हणाला, म्हणून मी अनवाणी, अंगठ्या-घड्याळ काढून, दर दोन मिनिटांनी नळाला हात लावून येत होतो. माझे हात ओले होताहेत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग तो जे ओरडला ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. हात पुसले. नवा सप्लाय बसला. जुनं कार्ड निघालं. नवं कार्ड व्होल्टेजने दोन्ही हातांनी उचललं, तान्हं मूल उचलतात तसं, आणि पेटीत उतरवलं.

ते उतरेना.

"तिरकं घे," मी म्हटलं.

"तिरकंच घेतोय. पुढे अडतंय."

"जोर लाव."

"जोर लावायला हा नट आहे का, इन्स्पेक्टर? दोन सेंटीमीटर जास्त आहे हे."

"अशक्य आहे. मी मोजलंय."

व्होल्टेजने खिशातून स्वतःची लोखंडी टेप काढली. ती सर्रकन आत गेली. "साडेअठ्ठावीस," तो म्हणाला.

मी त्याच्या टेपवर खात्याचा शिक्का शोधला. होता. माझ्याच काळातला.

दोन सेंटीमीटरचं दुःख नव्हतं. एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर जप्त केले, त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं ठरवलं, आणि स्वतःच्या घरात मला एक पेटी मोजता आली नाही. आज हे चुकलं, तर आणखी काय काय चुकलं असेल?

व्होल्टेज मात्र खुलला होता. पुढे एक पत्र्याचा पिंजरा होता, त्याला कार्ड अडत होतं. "हा पिंजरा इथून कापला की झालं. पाच मिनिटांचं काम." त्याने पिशवीतून करवत काढली. पिंजऱ्यात एक चपटी डबी बसवलेली होती.

"ती डबी काय आहे?" मी विचारलं.

"डिस्क. तुझे व्हिडिओ वगैरे यातच. ती काढायची तर सगळं उलटं खोलावं लागेल, राहू दे तिथेच. मी जपून कापतो." त्याने करवतीचं पातं पत्र्यावर टेकवलं. मग सहज, बोलायचं म्हणून बोलला, "कॉपी आहे ना?"

माझ्या तोंडात "आहे" तयार होतं. इतक्या वेळा म्हटलेलं, की आपोआप आलं असतं. करवतीने एक घास घेतला. खर्रर्र. डबी थरथरली. त्या डबीत ती मला हसा म्हणत होती.

"नाही!" मी ओरडलो. "नाहीये कॉपी! कुठेही नाहीये!"

व्होल्टेजने करवत इतकी हळू उचलली, की ती उचलली गेली हे मला खाली ठेवल्यावर कळलं. तो खुर्चीत बसला. चाळीस वर्षं उघड्या तारांशी खेळलेला माणूस, त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"वहिनींचे सगळे?"

"सगळे."

"आणि तू मला कापू देत होतास?"

तो उठला, करवत पिशवीत घातली आणि पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवली. मग म्हणाला, "चल."

टॅक्सीत पेटी मी मांडीवर घेतली. व्होल्टेज पुढे बसला आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला म्हणाला, "सावकाश हो, पेशंट आहे."

दुरुस्तीवाल्या बाई रविवारीही दुकान उघडतात. मी त्यांना सगळं सांगितलं, खोट्यासकट. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी डबी काढली, आपल्या मशिनला लावली आणि म्हणाल्या, "आधी कॉपी. दोन ठिकाणी. मग बाकीचं."

पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. तीस टक्के. पन्नास टक्के. मी नळ शोधत होतो. साठ. एकसष्ट. बासष्ट. मी डोळे मिटले. व्होल्टेजने माझा दंड धरला होता आणि तो चांगलाच दुखत होता.

"काका," बाई म्हणाल्या, "सत्तर झाले. श्वास घ्या."

शंभर झाल्यावर त्यांनी विचारलं, "रेंडर नेमकं कुठे थांबतं?"

"बासष्ट टक्क्यांवर."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग मेमरीचा प्रश्न नाही हा. मेमरी संपली तर कधी इथे, कधी तिथे थांबेल. पाटी काहीही सांगू दे. एकवीस मिनिटांचे बासष्ट टक्के म्हणजे तेरावं मिनिट. तेराव्या मिनिटाला काय आहे?"

मला बघावं लागलं नाही. "खिडकी."

त्यांनी तो व्हिडिओ तपासला. मोबाइल मरतानाच बाहेर काढल्यामुळे त्याची फाइल अर्धवट राहिली होती. कितीही मोठं कार्ड घातलं असतं तरी तो तिथेच अडला असता. "त्याच मोबाइलवरचा दुसरा एखादा धड व्हिडिओ द्या," बाई म्हणाल्या. "त्याच्या नमुन्यावर हा जोडता येतो का बघते. आला तर आला. घाबरू नका, मूळ फाइलला हात लावत नाही."

मी उतू जाणारं दूध दिलं.

वीस मिनिटं लागली. व्होल्टेज एका शब्दानेही बोलला नाही, ही त्याच्या आयुष्यातली पहिली वीस मिनिटं असावीत. मग बाईंनी बटण दाबलं.

खिडकीची चौकट. पिवळी टेप. तिचा हात. आणि तो हात हलला. बोटांनी टेपचं टोक चौकटीच्या कडेला नीट बसवलं, आणि मोबाइल वळला. समोर स्टुलावर मी उभा, टेपचं दुसरं टोक धरून. पडद्यांचं माप घेत होतो आम्ही. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

"एकशे सव्वीस," व्हिडिओतला मी म्हणतो. निरीक्षकाच्या आवाजात.

"पाच वजा करा," तिचा आवाज येतो. अगदी जवळून, मोबाइलच्या मागून.

"का?"

"टेपचं टोक विरलं होतं, म्हणून मी सुरुवातीचे पाच सेंटीमीटर कापून टाकलेत. किती वेळा सांगू तुम्हाला? या टेपने काहीही मोजलंत तरी पाच वजा करायचे."

"हे बेकायदेशीर आहे."

"मग करा जप्त," ती म्हणते आणि हसते. हसताना मोबाइल हलतो, त्यामुळे मीही हलतो, स्टूलही हलतं. "अहो, तोंड काय बघताय माझं? ऐकलंत का? किती वजा?"

"पाच, पाच," व्हिडिओतला मी म्हणतो, परत टेपकडे बघत. "लक्षात आहे माझ्या."